ढगातली वखार

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ असो की पाडव्याची सकाळ, आपल्याकडच्या व्यापारी पेठांतून अजूनही वहीपूजन होते. चौरंगावर लाल पुठ्ठ्याची कोरी वही ठेवायची, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, वर 'श्री' लिहायचे, हळद-फूल वाहायचे आणि नव्या वर्षाच्या जमाखर्चाला आरंभ करायचा. अलीकडे या वहीशेजारी संगणकही मांडलेला दिसतो. त्यालाही कुंकू लागते. परंतु गंमत अशी की, ज्या हिशेबाची ही पूजा, तो हिशेब पुष्कळदा त्या वहीतही नसतो आणि त्या संगणकातही नसतो. शेठजींना विचारावे, तर ते बोट वर करून सांगतात, "सगळे क्लाउडवर आहे."

क्लाउड म्हणजे ढग. आता ढगात हिशेब कसा राहील? आमच्या शाळेतली पोरेही एवढे ओळखतात की ढगात फक्त पाणी राहते, आणि तेही फार दिवस नाही. तेव्हा हा ढग म्हणजे प्रत्यक्षात काय? ती एक वखार आहे. विटा-सिमेंटची, कुलूपबंद, भाड्याने दिलेली वखार. तिच्यात धान्याच्या पोत्यांऐवजी यंत्रांच्या रांगा असतात, आणि त्या यंत्रांत आपल्या वह्या, पत्रे, फोटो नि पावत्या असतात. मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. पण इतिहासाचा तास घेता घेता एक गोष्ट ध्यानात आली, की ही वखार काही काल-परवा उभी राहिलेली नाही. तिचा पाया सव्वाशे वर्षांपूर्वीच घातला गेला होता. त्याचीच ही हकीकत.

माहिती फार झाली, आता ठेवायची कोठे आणि वाचायची कोणी, ही तक्रार तर त्याहूनही जुनी आहे. त्यासाठी परदेशी जायलाच नको. पुण्याचे पेशवे दफ्तर घ्या. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. रुमालात बांधलेले मोडी कागदांचे हजारो गठ्ठे! इनामांची चौकशी करताना सरकारने त्यांतले कागद काढले, पाहिले, पुन्हा बांधून ठेवले. पण महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने ते दफ्तर शतकभर जवळजवळ मुकेच होते. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी, वयाच्या पासष्टीनंतर, सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर काढले, तेव्हा कोठे ते बोलू लागले. कागद होते, जागा होती, पहारा होता. उणीव होती ती वाचून निवडणाऱ्याची. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

आता आपण अमेरिकेत जाऊ, कारण यंत्राची वखार उभी राहिली ती तिथल्या शिरगणतीपायी. अमेरिकेच्या राज्यघटनेनेच दर दहा वर्षांनी लोकसंख्या मोजण्याचे बंधन घातले आहे, कारण कोणत्या राज्याने किती प्रतिनिधी पाठवायचे ते त्यावर ठरते. १८८० च्या मोजणीत लोकसंख्या भरली पाच कोटी. माणसे मोजणे फारसे अवघड गेले नाही. अवघड गेले ते त्या कागदांतून निष्कर्ष काढणे. कारकुनांच्या फौजा बसल्या, टाळ्यावर टाळे जुळवू लागल्या, आणि संपूर्ण वर्गवारी छापून होईपर्यंत सात-आठ वर्षे लोटली. तोवर पुढच्या मोजणीची वेळ दारात उभी! लोकसंख्या तर वाढतच होती. म्हणजे असा एक दिवस येणार होता, की एका खानेसुमारीचा हिशेब लागण्याआधीच दुसरी सुरू व्हावी. मागच्या वर्षीची उत्तरपत्रिका तपासून होण्याआधीच यंदाची परीक्षा यावी, अशातला हा प्रकार.

या कचेरीत हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण कामाला होता. जन्म १८६० चा, जर्मन निर्वासित घराण्यातला, खाणविद्येचा पदवीधर. तेथे जन्ममृत्यूच्या आकड्यांचे काम पाहणारे जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे एक डॉक्टर होते. हे गणतीचे काम एखाद्या यंत्राने करता आले पाहिजे, असा विचार त्यांनी या पोराच्या कानावर घातला. हॉलरिथने तो मनावर घेतला. पुढे एकदा आगगाडीने प्रवास करताना त्याने पाहिले, की तिकीट तपासनीस प्रवाशाच्या तिकिटावर ठराविक जागी भोके पाडतो. केस काळे की पिंगट, डोळे कसे, नाक केवढे, असे त्या भोकांतून समजायचे; म्हणजे एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरले तर चोरी पकडली जायची. भोकाभोकाने माणसाचे वर्णन! हॉलरिथला वाट सापडली.

त्याने माणसागणिक एक पुठ्ठ्याचे कार्ड घेतले. पुरुष असेल तर या जागी भोक, स्त्री असेल तर त्या जागी. वय, जन्मस्थान, धंदा, प्रत्येकाची जागा ठरलेली. कार्ड यंत्रात ठेवून दांडा खाली दाबला, की वरून बारीक सुया उतरत. जिथे पुठ्ठा असेल तिथे सुई अडे. जिथे भोक असेल तिथे ती आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे. पाऱ्याला टेकताच विजेचा मार्ग पुरा होई आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. कार्ड नीट वाचले गेले की घंटी वाजे, आणि ते ज्या कप्प्यात टाकायचे त्याचे झाकण आपोआप उघडे. १८८९ मध्ये त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १८९० ची खानेसुमारी या यंत्रांवर झाली. देशाची लोकसंख्या सहा कोटी सव्वीस लाख, हा ढोबळ आकडा त्याच वर्षी जाहीर झाला. पुष्कळांना तो पटलाच नाही! देश याहून मोठा असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. यंत्र खरे बोलले तरी ऐकणाऱ्याला रुचेलच असे नाही, हा धडा असा पहिल्याच दिवशी मिळाला.

येथे दोन गोष्टी घडल्या, आणि आजच्या ढगाचे सारे मूळ त्या दोहोंत आहे.

पहिली अशी, की हॉलरिथने ही यंत्रे विकली नाहीत. ती भाड्याने दिली. यंत्र त्याचे, दुरुस्ती त्याची, काम मात्र तुमचे. दुसरी अशी, की मोजणे सोपे झाल्याबरोबर सरकारने प्रश्न वाढवले. बाईला मुले किती झाली, त्यांतली हयात किती, घर स्वतःचे की भाड्याचे, ते गहाण आहे काय, इंग्रजी बोलता येते काय, अशी चौकशी १८९० च्या कागदांत शिरली. यंत्र आणले होते कागदांचा भार हलका करण्यासाठी. यंत्र आहे म्हणून कागद वाढले. मोठा डबा आणला की फराळही जास्त होतो, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी सांगायला नको.

सरकारमागोमाग व्यापारी आले. मालवाहतुकीच्या लाखो पावत्यांनी मेटाकुटीला आलेल्या न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने ही यंत्रे घेतली, मग विमा कंपन्यांनी, मग कारखान्यांनी. १८९६ मध्ये हॉलरिथने स्वतःची कंपनी काढली. सरकारशी मात्र त्याचे भाड्यावरून बिनसले आणि १९१० च्या मोजणीसाठी खानेसुमारी कचेरीने स्वतःच यंत्रे बनवून घेतली. भाडेकरू आणि मालक यांचे नाते कोठेही सारखेच! १९११ मध्ये हॉलरिथची कंपनी आणखी काही कंपन्यांत मिळाली, आणि त्या संयुक्त संस्थेनेच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण केले. यंत्रे भाड्याने देण्याची हॉलरिथची रीत तिने पुढे कैक वर्षे चालू ठेवली.

आणि १८९० च्या त्या मूळ कागदांचे काय झाले? ही कथा चटका लावणारी आहे. घरोघर फिरून लिहिलेली ती पाने वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीत ठेवली होती, आणि तीही अग्निरोधक कोठडीच्या बाहेर. १० जानेवारी १९२१ च्या संध्याकाळी तळघरात आग लागली. काही पाने जळाली, काही धुराने काळवंडली, पुष्कळशी बंबांच्या पाण्याने भिजली. जी उरली तीही पुढे तिशीच्या दशकात नष्ट करण्यात आली. आधीच्या खानेसुमाऱ्यांच्या प्रती स्थानिक कचेऱ्यांत ठेवण्याची चाल होती. १८९० च्या वेळी ते बंधन उरले नव्हते. त्यामुळे आज अमेरिकेतल्या एखाद्याने आपले पणजोबा त्या वर्षी कोठे राहत होते, घरात कोण कोण होते, हे शोधू म्हटले, तर बहुतेकांच्या पदरी निराशाच येते. आकडे राहिले, माणसे गेली. यंत्राने मोजले ते जगले, आणि ज्यावरून मोजले ते एकाच घरात ठेवल्यामुळे गेले.

आता चाळीस वर्षे पुढे येऊ. पुठ्ठ्याच्या कार्डांची जागा विजेच्या संगणकाने घेतली होती. पण तो खोली व्यापणारा आणि हत्तीसारखा खर्चिक. माणूस प्रश्न विचारून विचार करीत बसला, की तेवढा वेळ हत्ती नुसता उभा! यावर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तोड निघाली. एकाच संगणकाचा वेळ कापून त्याचे बारीक तुकडे करायचे आणि ते अनेकांना पाळीपाळीने वाटायचे. यंत्र इतके चपळ, की प्रत्येकाला वाटावे ते आपल्यापुढेच हात जोडून उभे आहे. फर्नांडो कोर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये ही पद्धत चालवून दाखवली. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाच्या शताब्दीच्या सोहळ्यात जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने भाकीत केले, की टेलिफोनसारखीच संगणकाची सेवाही एक दिवस सार्वजनिक होईल आणि लोक वापरतील तेवढ्याचे पैसे देतील.

एका यंत्रावर अनेक माणसे बसली, म्हणजे प्रत्येकाच्या खोलीला कुलूप हवे. म्हणून कोर्बाटो यांच्या मंडळींनी परवलीचा शब्द आणला. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो तोच. हे कुलूप बसून वर्ष उलटले नसेल, तोच अ‍ॅलन शेर नावाच्या एका विद्यार्थ्याला संगणकाचा वेळ कमी पडू लागला. त्याने काय करावे? साऱ्यांचे परवलीचे शब्द ज्या यादीत होते, ती यादी छापून देण्याचा हुकूम भोकाच्या कार्डावर यंत्रालाच दिला. यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली! पंचवीस वर्षांनी त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली. सांगायचे ते हेच, की सामाईक वाड्यातली पहिली चोरी कुलूपाइतकीच जुनी आहे.

याच दशकात आणखी एक युक्ती निघाली. एका मोठ्या संगणकाच्या पोटात, आत पडदे लावल्यासारखे, अनेक छोटे आभासी संगणक करायचे. आपल्या चाळीसारखेच म्हणा ना! इमारत एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की आपले दार लावले की घर आपले. जागा मोकळी झाली की दुसरे बिऱ्हाड यायला उशीर नाही. आजचा ढग म्हणजे अशा लाखो खोल्यांची चाळ.

चाळ झाली, भाडे झाले. उणीव होती ती रस्त्याची. इंटरनेटमुळे तोही झाला. मग पुस्तके विकणाऱ्या अ‍ॅमेझॉन कंपनीने, स्वतःच्या दुकानासाठी यंत्रे सांभाळण्याचा जो अनुभव कमावला होता, त्याचेच दुकान मांडले. मार्च २००६ मध्ये तिने माहिती साठवण्याची जागा भाड्याने काढली, आणि ऑगस्टमध्ये संगणक. जागेचे भाडे एका गिगाबाइटला महिना १५ सेंट, संगणकाचे तासाला १० सेंट. हॉलरिथच्या भाड्यात आणि या भाड्यात फरक इतकाच, की पूर्वी यंत्र तुमच्या दारी येत होते. आता तुमची वही यंत्राच्या दारी जाते. 'ढग' हे नावही मोठे गमतीचे. टेलिफोनचे नि संगणकांचे नकाशे काढणारे तंत्रज्ञ, ज्या भागाची चिंता आपल्याला नको तो भाग नुसता ढगाच्या आकाराने दाखवीत. म्हणजे 'यात काय आहे ते विचारू नका' असा त्या ढगाचा अर्थ. आणि आपण खरोखरच विचारत नाही!

विचारले तर कळेल, की तो ढग आपल्या उशापायथ्याशीच आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपल्या वखारी उघडल्या. जून २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनची मुंबईत आली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवावी असा दंडक घातला, तेव्हा अशा वखारींची गरज आणखीच वाढली. मुंबईला हे नवे नाही. १८७० मध्ये सुएझ-एडनवरून आलेली समुद्री तारायंत्राची दोरी याच किनाऱ्याला लागली होती. आज इंटरनेटच्या समुद्री तारा लागतात. आणि पुण्याचा योग पाहा: ज्या शहरात मोडी कागदांचे रुमाल आहेत, त्याच शहरात ढगाचेही दफ्तर आले!

ढग म्हटला की वजन नाही असे वाटते. पण या वखारी वीज खातात, आणि यंत्रे थंड ठेवायला पुष्कळ ठिकाणी पाणीही पितात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज अशा केंद्रांनी वापरली. आणि कृत्रिम बुद्धीच्या नव्या यंत्रांमुळे ती भूक वाढतेच आहे.

आणि वखारीला आगही लागते. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची पाच मजली इमारत पेटली. सुदैवाने माणसाला इजा झाली नाही. लाखो संकेतस्थळे मात्र बंद पडली. ज्यांनी दुसरी प्रत दूर कोठे ठेवली होती त्यांचा धंदा काही दिवसांत पुन्हा उभा राहिला. ज्यांची प्रतही त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी काहींची माहिती कायमची गेली. वॉशिंग्टनची आग जानेवारी १९२१ ची, ही मार्च २०२१ ची. मध्ये शंभर वर्षे आणि दोन महिने गेले. कागदाचे लोखंड झाले, लोखंडाचा ढग झाला. पण एकाच घरात सारे ठेवू नये, ही आजीबाईंची शहाणीव तेवढ्यानेही शिळी झाली नाही.

पण मला आगीपेक्षाही दुसऱ्या संकटाची भीती अधिक वाटते. ते म्हणजे न वाचलेल्या माहितीचे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच सांगून ठेवले होते, की माहिती माणसाचे लक्ष खाऊन जगते; ती जितकी वाढेल तितके लक्ष दुबळे होईल. शाळेत आम्ही हे रोज पाहतो. एकाच मुलाची तीच ती माहिती वर्षातून चार वेळा चार नमुन्यांत भरायची. जन्मतारीख तीच, बापाचे नाव तेच. साऱ्या नमुन्यांत ते मूल सुखरूप असते, पण तेवढ्या वेळात ते वर्गात मागच्या बाकावर का गप्प बसले आहे, हे विचारायचे राहून जाते. व्यापाऱ्याचेही तसेच. गिऱ्हाइकाने केव्हा, काय, कितीला घेतले याचा तपशील ढगात साचतो. आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे नाव काही आठवत नाही.

घरचे दुखणे तर सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी लग्नात छत्तीस फोटोंचा एक रोल निघे. त्याचा अल्बम होई, आणि आल्यागेल्याला तो हौसेने दाखवला जाई. आता एका बारशाचे दोन हजार फोटो निघतात, ते ढगात जातात आणि तिथेच निजतात. आपल्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये भारतात कायदा झाला, ही चांगलीच गोष्ट. पण कोणता फोटो आपला, आणि त्यातली ती नऊवारीतली बाई कोण, हे कायदा सांगणार नाही.

म्हणून ढगाला नावे ठेवण्याचे कारण नाही. वखार सोयीची आहे. छोट्या दुकानदाराला मोठे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, परगावच्या लेकीला आईची पाककृती क्षणात मिळते. भाडेकरूने मात्र भाडेकरूची सावधगिरी बाळगावी. किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये. एक प्रत वखारीत तर एक आपल्या घरी, आणि जमल्यास तिसरी दुसऱ्या गावी बहिणीकडे असावी. आणि सुट्टीतल्या एखाद्या दुपारी घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये बसवून, मुलांनी ते दोन हजार फोटो उघडावेत, नको ते पुसावेत, हवे ते निवडावेत, आणि प्रत्येकाखाली नाव, गाव, साल लिहावे. ते नाव सांगणारे आज आपल्यात आहेत. रियासतकारांसारखे पंचेचाळीस खंड कोणी काढायला नकोत; पन्नास फोटो निवडून झाले, तरी पुष्कळ.